पहिला कॅमेरा घेताना आधी उजेड बघ, मग मॉडेल

तुझा प्रश्न सगळ्यांना कळावा म्हणून आधी थोडक्यात सांगतो. तू कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, सोलापूरच्या पूर्व भागात राहतेस, वडील यंत्रमागावर कामाला आहेत. दोन वर्षं साठवून चाळीस हजार जमवलेस. वडिलांच्या कारखान्यातले माग आणि तिथली माणसं, जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आणि जमलं तर पक्षी, असे फोटो तुला काढायचे आहेत. पुढे लग्नाची कामं मिळाली तर हवीच आहेत. दुकानदाराने कॅननचा नवा १५००डी, त्यावर दोन झूम लेन्स, बॅग, ट्रायपॉड, कार्ड असं सगळं मिळून सुचवलंय आणि वरच्या रकमेचे हप्ते पाडून देतो म्हणालाय. तुझा मामा म्हणतो, त्यापेक्षा चांगला मोबाइल घे. तू विचारतेस, काका, नेमकं काय करू?

माझं उत्तर आधी देतो. हप्ते घेऊ नकोस. जुना पण नीट वापरलेला निकॉन डी३४०० किंवा डी३५०० त्याच्या १८-५५ लेन्ससह घे आणि त्यावर ३५ एमएम एफ १.८ ही एक लेन्स घे (एमएमचा आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं; एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते आणि जास्त उजेड घेते). पैसे उरतील. उरलेल्या पैशांचं काय करायचं तेही पुढे सांगतो. पण हे उत्तर असंच का, ते समजून घेतलंस तर उद्या बाजारात वेगळं मॉडेल समोर आलं तरी तुझा निर्णय तुला घेता येईल.

मी या धंद्यात १९९६ साली आलो. सुरुवात लग्नात व्हिडिओवाल्यामागे लाईट धरून उभं राहण्यापासून झाली. हातात पहिला कॅमेरा आला तो उस्तादांचा पेंटॅक्स के१०००, त्यावर एकच लेन्स, ५० एमएम एफ २. रोलमध्ये ३६ फोटो, आणि एकदा १०० एएसएचा (फिल्म उजेड किती पटकन पकडते त्याचा आकडा, आता त्याला आयएसओ म्हणतात) रोल घातला की ३६ फोटो होईपर्यंत तोच. त्यामुळे कुठेही पाऊल टाकलं की पहिली नजर उजेडाकडे जायची. खिडकी कुठे आहे, ट्यूब कुठे आहे, नवरीचं तोंड कुणीकडे वळवावं. कॅमेरे खूप बदलले, ती सवय मात्र राहिली, आणि कॅमेरा कुठला घ्यावा हे मला कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: तुला कुठल्या उजेडात फोटो काढायचेत?

तुझे तीन विषय आणि त्यांचे तीन उजेड. कारखान्यात उजेड कमी आणि जागा अरुंद. गड्ड्याला दुपारी डोळे दिपवणारं ऊन, रात्री दिव्यांची माळ आणि काळोख. पक्ष्यांना उजेड भरपूर, पण पक्षी लांब. या तिन्हींना एकच लेन्स पुरत नाही. आणि दुकानदाराने दिलेल्या दोन झूम लेन्स यातल्या सगळ्यात अवघड जागी, म्हणजे कारखान्यात, सगळ्यात दुबळ्या पडतात. तुझ्या मनातला खरा विषय तोच आहे, हे तुझ्या पत्रावरून मला दिसलं. मागाबद्दल तू अर्धं पान लिहिलंस आणि पक्ष्यांबद्दल दीड ओळ.

कारखान्यातलं गणित मांडून दाखवतो. आपल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये वर ट्यूबा, भिंती सुताच्या धुळीने मळलेल्या, खिडक्या बहुतेक बंद. समज, रातपाळीला एका कोपऱ्यात वडील कांडी (धोट्यातली सुताची गुंडाळी) बदलताहेत. हात हलतोय, म्हणून शटर १/१०० सेकंदापेक्षा हळू ठेवून चालणार नाही. एफ १.८ ची लेन्स असेल तर तिथे आयएसओ १६०० वर फोटो येईल. आता तीच जागा, तेच शटर आणि सोबत आलेली १८-५५ लेन्स. पूर्ण झूम केलीस तर ती एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. एफ ५.६ आणि एफ १.८ यांत आत येणाऱ्या उजेडाचा फरक साडेनऊ पटींहून थोडा जास्त आहे. म्हणजे तोच फोटो घ्यायला आयएसओ साडेपंधरा हजारांच्या आसपास न्यावा लागेल. १५००डी चा आयएसओ ६४०० पर्यंत जातो, ताणला तर १२८००. म्हणजे तो फोटो त्या कॅमेऱ्याने त्या लेन्सवर नीट उजळून येणारच नाही. झूम न करता १८ एमएमवर राहिलीस तर लेन्स एफ ३.५ पर्यंत उघडते आणि आयएसओ सहा हजारांच्या घरात थांबतो. तेवढ्यावर फोटो येतो, पण सावलीच्या भागात दाणे दिसतात आणि चेहरा छोटा होऊन बसतो.

दुकानदार म्हणेल, या लेन्समध्ये आयएस आहे, हात हलला तरी चालतं. खरं आहे, पण ती सोय तुझ्या हाताची थरथर सांभाळते. वडिलांचा हात थांबवायची ताकद तिच्यात नाही. हा फरक न समजल्याने किती तरी पोरं चुकीच्या लेन्सवर पैसे घालवतात, म्हणून जोर देऊन सांगतोय.

आता १/१०० च का, तेही ऐक, कारण हे कुठल्याच जाहिरातीत लिहिलेलं नसतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे साध्या ट्यूबा आणि पुष्कळसे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होत असतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर १/२५० किंवा १/५०० केलंस तर एक फोटो उजळ, दुसरा अंधारा, तिसऱ्यात आडवा पिवळट पट्टा, असं होतं. पोरं म्हणतात कॅमेरा खराब निघाला. कॅमेरा ठीक असतो. शटर १/१०० किंवा १/५० वर आणलं की दिव्याची मंद-तेज फेरी पूर्ण पकडली जाते आणि रंग एकसारखे येतात. म्हणून कारखान्यात तुझं शटर या दोनपैकी एक, हात हलत असेल तर १/१०० च. या शटरवर धोटा (मागावर सूत इकडून तिकडे नेतो तो) पुसट रेघेसारखा येईल. येऊ दे. माग चालू आहे हे त्या रेघेनेच कळतं. बंद मागाचा फोटो आणि चालत्या मागाचा फोटो यात तोच तर फरक आहे.

मग निकॉनच का, कॅनन का नको? कॅनन वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही, माझी निम्मी कामं मी कॅननवर केली. इथे मुद्दा जागेचा आहे. या सगळ्या कॅमेऱ्यांचा सेन्सर जुन्या फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान असतो, त्यामुळे लेन्स आहे त्यापेक्षा जवळचं दाखवते. निकॉनवर दीड पट, कॅननवर १.६ पट. कॅननची प्रसिद्ध स्वस्त लेन्स म्हणजे ५० एमएम एफ १.८ एसटीएम. फार छान लेन्स, पण या कॅमेऱ्यांवर ती ८० एमएमसारखी वागते. दोन मागांमधल्या गल्लीत उभी राहून तुला मागे सरकायला जागाच नाही, त्यामुळे चेहरा येईल, माग येणार नाही. निकॉनकडे या लहान सेन्सरसाठीच बनवलेली ३५ एमएम एफ १.८ जी ही लेन्स २००९ पासून आहे. ती साधारण ५२ एमएमसारखी दिसते, म्हणजे आमच्या त्या के१००० वरच्या लेन्ससारखीच. माणूस आणि त्याचं काम एका फ्रेममध्ये बसतं. कॅननच्या लहान सेन्सरच्या डीएसएलआरसाठी (आत आरसा असलेल्या अशा कॅमेऱ्यांसाठी) इतक्या भावात अशी एफ १.८ ची ३५ एमएम लेन्स कॅननने काढलेली नाही. त्यांची २४ एमएम एफ २.८ आहे. ती चपटी, हलकी, आणि जागेच्या दृष्टीने उत्तम, पण उजेड निम्म्याहून कमी घेते. तुझा विषय वेगळा असता, म्हणजे समज तुला मुख्यतः रील आणि व्हिडिओ करायचे असते, तर मी तुला कॅनन २००डी बघायला सांगितलं असतं. स्क्रीनवर बघून शूट करताना त्याचा फोकस झटकन बसतो, स्क्रीन वळते आणि माइक लावायची सोय आहे. डी३४०० आणि डी३५०० मध्ये बाहेरचा माइक लावायला जागाच नाही.

निकॉनचं एक पथ्य आहे. डी३४००, डी३५००, डी५६०० या कॅमेऱ्यांच्या बॉडीत फोकसची मोटर नसते. जुन्या बाजारात कुणी तुला ५० एमएम एफ १.८ डी लेन्स स्वस्तात देईल. ती या कॅमेऱ्यांवर बसते, फोटोही येतो, पण फोकस हाताने फिरवत बसावं लागतं. नावात एएफ-एस किंवा एएफ-पी अशी अक्षरं आहेत ना, ते बघूनच घे. आणि १८-५५ वर व्हीआर (कॅननच्या आयएससारखीच हाताची थरथर सांभाळणारी सोय) लिहिलंय का तेही बघ. तीच लेन्स व्हीआर नसलेलीही येते.

भावाचं बोलू. भाव रोज हलतात, म्हणून मी आजकाल ज्या व्यवहारांत मधे बसतो त्यावरून अंदाज देतो. डी३४०० किंवा डी३५०० लेन्ससह वीस ते तेवीस हजारांच्या आसपास, ३५ एमएम जुनी आठ-नऊ हजारांत. चांगलं ६४ जीबी कार्ड आणि एक जादा बॅटरी मिळून अडीच-तीन हजार. एकूण पस्तीसच्या आत. डी५६०० मिळाला तर अजून चांगलं, कारण त्याची स्क्रीन बाहेर वळते आणि गर्दीत हात वर करून फोटो घेता येतो. पण त्यासाठी ३५ एमएम सोडावी लागणार असेल तर डी५६०० सोड, लेन्स सोडू नकोस. बॉडी पाच वर्षांत बदलशील, लेन्स राहील.

तू म्हणशील, हे मॉडेल तर जुने झाले, बंदही झाले. हो. निकॉनने डी३५०० बनवणं केव्हाच थांबवलं आणि दोन्ही कंपन्यांचं सगळं लक्ष आता मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर, आहे. पण सगळे मिररलेसकडे पळताहेत म्हणूनच हे कॅमेरे स्वस्त मिळताहेत, आणि त्यांच्या फोटोला त्यामुळे काही झालेलं नाही. डी३५०० चा सेन्सर २४ मेगापिक्सेलचा आहे. त्यातून ३०० डीपीआयवर वीस बाय तेरा इंचाची प्रिंट सहज निघते. घरात याहून मोठी प्रिंट किती जण लावतात? तोट्याची बाजूही सांगतो. पुढेमागे सुटे भाग मिळणं अवघड होत जाईल आणि या माउंटला (लेन्स बसवायच्या कडीला) नव्या लेन्स येणार नाहीत. तू मिररलेसला गेलीस की निकॉनचा अडॅप्टर लावून ही ३५ एमएम एएफ-एस लेन्स तिथेही ऑटोफोकससह चालते.

नवीन मिररलेसच घ्यायचा हट्ट असेल तर कॅनन आर१०० कडे जाशील, कारण २०२३ मध्ये तो त्या रांगेतला स्वस्त कॅमेरा म्हणून आला. त्याची स्क्रीन वळत नाही, तिला टच नाही, आणि सोबतची १८-४५ लेन्स पूर्ण झूमवर एफ ६.३ ला जाते. म्हणजे १८-५५ पेक्षाही अंधारी. तुझ्या कारखान्यासाठी ते दोन पावलं मागे जाणं आहे. सोनीचा झेडव्ही-ई१० काही पोरं घेतात, व्हिडिओसाठी छान आहे, पण त्याला डोळा लावून बघायची खिडकीच नाही. सोलापूरच्या उन्हात दुपारी एक वाजता स्क्रीनवर काय दिसतंय ते कळत नाही, अनुभव घेऊन बघ.

मामाच्या मोबाइलचं काय? मामा चुकीचं सांगत नाही, अर्धं सांगतोय. फ्रेम कशी लावावी, कुठून उभं राहावं, माणसाशी बोलत बोलत फोटो कसा घ्यावा, हे शिकायला तुझ्या हातातला आत्ताचा मोबाइल पुरेसा आहे. नवा घ्यायची गरज नाही. पण कमी उजेडात फरक पडतो तो आकाराने. डी३५०० चा सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटर. मोबाइलमधला १/२ इंची म्हणतात तो सेन्सर साधारण ६.४ बाय ४.८ मिलिमीटर. क्षेत्रफळात बारा पटींचा फरक. मोबाइल तो फरक एकापाठोपाठ अनेक फोटो घेऊन, ते एकमेकांवर जुळवून भरून काढतो. स्थिर देवळाला ते जमतं. चालत्या मागावर जुळवताना वडिलांच्या बोटांचा आकारच बिघडतो.

आता गड्डा. इथे तुला वाटेल त्यापेक्षा साधी लेन्स जास्त कामाला येते. अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्यापाशी दुपारचं ऊन असतं, पांढऱ्या बाराबंदीतली हजारो माणसं, वर नंदीध्वज (यात्रेतले उंच, जड काठ्यांचे ध्वज), आणि 'हर्र बोला हर्र'चा गजर. तिथे उजेडाची कमतरता नाही, १८-५५ एफ ८ वर ठेव आणि काम कर. अडचण वेगळी आहे. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं सरासरी करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. समोर पांढरंच पांढरं असलं की त्याला वाटतं उजेड जास्त झाला, आणि तो फोटो अंधारा करून टाकतो. बाराबंदी मळकी करडी दिसते आणि वरून माणसांचे चेहरे काळवंडतात. अधिक-उणे चिन्हाचं बटण असतं, ते दाबून अधिक ०.७ किंवा अधिक १ कर. शुभ्र कापड शुभ्र येईल. पण स्क्रीनवर बघून खात्री कर की बाराबंदीच्या चुण्या दिसताहेत, नुसता पांढरा डाग झालेला नाही. आणि रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने न सजवलेल्या मूळ फाइलमध्ये) काढ. निकॉनचं एनएक्स स्टुडिओ फुकट आहे, त्यात नंतर हे बारीकसारीक सावरता येतं.

रात्री मिरवणूक निघाली की पुन्हा ३५ एमएम लाव. नंदीध्वज पेलणाऱ्यांच्या चेहऱ्यावरचा ताण, मानेच्या शिरा, भोवतीच्या दिव्यांचा उजेड, हे एफ २ ला मिळतं. एफ १.८ वर डोळ्यावर फोकस ठेवलास तरी कान पुसट होतो, म्हणून एफ २.२ किंवा २.५ वर जरा निवांत काम होतं. फ्लॅश मारू नकोस. एक तर त्यांच्या डोळ्यांवर येतो आणि तोल त्यांना सांभाळायचा असतो, दुसरं म्हणजे त्या रात्रीचा रंगच निघून जातो. आणि यात्रेतल्या शोभेच्या दारूकामाला भारी लेन्स लागतच नाही. ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ ८ ते ११, शटर दोन ते चार सेकंद, १८-५५ लेन्स, फोकस हाताने लांबवर लावून ठेवलेला. ट्रायपॉड ओळखीच्याकडून एका रात्रीपुरता मागून आण, विकत घेऊ नकोस.

पक्ष्यांचं मी तुला स्पष्ट सांगतो, पहिल्या वर्षी सोडून दे. दुकानदाराच्या त्या दोन लेन्समधली जी ५५-२५० तुला मिळतेय तिच्यावर संभाजी तलावाच्या काठावरचा बगळा मिळेल, पण हिप्परग्याच्या तलावातलं बदक ठिपक्याएवढं येईल आणि तू नाराज होशील. उजनीच्या पाणलोटातले रोहित (फ्लेमिंगो), नान्नजच्या माळावरचे काळवीट, हे सगळं ३०० एमएमच्या पुढचं काम आहे. त्याहीपेक्षा ते पहाटे उठायचं, तासन् तास न हलता बसायचं काम आहे. नान्नजच्या अभयारण्याला माळढोकाचं नाव आहे, आणि आज तिथे माळढोक दिसणं किती दुर्मीळ झालंय हे बघितलं की मन खट्टू होतं. पक्ष्यांच्या मागे लागणाऱ्या फोटोग्राफरने आधी त्यांना त्रास न देणं शिकावं, लेन्स नंतर. दोन वर्षांनी ओढ टिकली तर निकॉनची एएफ-पी ७०-३०० व्हीआर तुझ्या याच बॉडीवर चालेल.

लग्नाची कामं. पहिल्या वर्षी स्वतःच्या नावावर लग्न घेऊ नकोस. एखाद्या स्टुडिओत मदतनीस म्हणून जा. या बॉडीत एकच कार्ड बसतं, ते गेलं तर सगळं गेलं. अक्षता पडल्या त्या पुन्हा पडत नाहीत, आणि समोरच्या घराने त्या दिवसासाठी आयुष्यभराची कमाई लावलेली असते. हा विश्वास एका कार्डावर ठेवायचा नसतो. फ्लॅशबाबत एक गोष्ट मात्र आत्ताच सांगतो, कारण ती कॅमेरा निवडताना लागते. कॅननच्या १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क २ या मॉडेलांच्या वरच्या खाचेत, जिथे फ्लॅश बसतो, तिथली मधली पिन काढून टाकलेली आहे. त्यामुळे साधे, स्वस्त, हाताने सेट करायचे फ्लॅश त्यांच्यावर पेटत नाहीत, त्या मॉडेलांशी जुळणारा फ्लॅश किंवा ट्रिगर शोधून घ्यावा लागतो. पहिल्या २००डी ला ती पिन आहे. निकॉनच्या या बॉडींनाही आहे. कुठलाही कॅमेरा घे, पैसे देण्याआधी खाचेत डोकावून बघ.

जुना कॅमेरा तपासायचा कसा, यावर जरा थांबतो, कारण माझे स्वतःचे पैसे इथे बुडालेत. बऱ्याच वर्षांपूर्वी किनारपट्टीकडच्या एका माणसाकडून मी झूम लेन्स घेतली होती. दिवसा काचेतून बघितली, स्वच्छ दिसली. घरी आणून रात्री टॉर्च मारली तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. साफ करायला दिली, तीन महिन्यांत परत आली. आपली हवा कोरडी, त्यामुळे इथेच वापरलेल्या लेन्सला बुरशीचा धोका कमी. दमट गावातून आलेल्या लेन्सला मी आता टॉर्चशिवाय हात लावत नाही. लेन्स काढ, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं छिद्र) पूर्ण उघडं ठेव, मागून टॉर्च धर आणि पुढून तिरकं बघ. एखाद-दुसरा धुळीचा कण चालतो. जाळं किंवा धुरकट ढग दिसला तर उठून चालू लाग, भाव कितीही पडो.

बॉडीचं आयुष्य शटरवर मोजतात. डी३५०० च्या वर्गातल्या शटरची चाचणी एक लाख वेळा उघडझाप धरून केलेली असते. निकॉनमध्ये हा आकडा तपासणं सोपं आहे. तिथल्या तिथे एक जेपीईजी फोटो काढ, तो मोबाइलवर घे आणि शटर काउंट दाखवणाऱ्या कुठल्याही साइटवर टाक. फोटोच्या माहितीतच तो आकडा असतो. कॅननच्या बहुतेक मॉडेलांत असं सरळ दिसत नाही, वेगळं सॉफ्टवेअर लागतं. पंधरा-वीस हजारांच्या आतली बॉडी मिळाली तर उत्तम. आम्हा लग्नवाल्यांची बॉडी शक्यतो घेऊ नकोस. एका लग्नात अडीच हजार क्लिक सहज होतात, हंगामात चाळीस लग्नं केली की लाख झाले. हौसेने घेऊन कपाटात पडलेला कॅमेरा शोध, असे आपल्या सोलापुरात पुष्कळ आहेत. बाळ झालं म्हणून घेतला, बाळ शाळेत गेलं तसा कॅमेरा कपाटात गेला.

सेन्सरवरचा डाग बघायला लेन्स एफ १६ किंवा २२ वर ठेवून पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आभाळाचा फोटो काढ आणि मोठा करून बघ. काळे ठिपके दिसले तर धूळ, ती साफ होते, त्याचे पैसे भावातून कमी कर. लेन्स दोन्ही टोकांना झूम करून जवळ आणि लांब फोकस बसतो का बघ. दहा मिनिटं व्हिडिओ चालू ठेव. तळाच्या स्क्रूंच्या डोक्यांवर ओरखडे असतील तर कुणीतरी उघडलाय. बिलावरचा आणि बॉडीखालचा नंबर जुळव. बिल नसेल तर मी घेत नाही. चोरीचा माल स्वस्त असतो, पण त्यामागे कुणाची तरी रोजीरोटी गेलेली असते.

आणि ऑनलाइन जाहिरातीतून घेताना समोरासमोर भेटल्याशिवाय एक रुपया पाठवू नकोस. माझी बदली झाली, घाईत विकतोय, आधी थोडं टोकन पाठवा, मग कुरिअर करतो, अशी भाषा आली की तिथेच थांब. दिवसा, वर्दळीच्या जागी, मामाला सोबत घेऊन जा.

घेतल्यावर सांभाळायचं म्हणजे दोनच गोष्टी. कारखान्याच्या आत लेन्स बदलू नकोस. सुताचे बारीक तंतू हवेत असतात, ते थेट सेन्सरवर जाऊन बसतात. बाहेर येऊन, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून बदल. दुसरं म्हणजे ऊन. या कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराचं तापमान शून्य ते ४० अंश लिहिलेलं असतं, आणि आपला मे महिना त्याच्या वर जातो. गाडीच्या डिकीत कॅमेरा ठेवून बाजारात जाऊ नकोस.

उरलेल्या पैशांबद्दल सांगतो म्हणालो होतो. पाचेक हजार उरतील. त्यातून दर महिन्याला पंधरा-वीस फोटो पोस्टकार्डाच्या आकारात छापून घे आणि ज्यांचे काढलेस त्यांना नेऊन दे. मागावरच्या माणसाचा काम करतानाचा फोटो त्याच्या घरात नसतो. लग्नातला असतो, आधारकार्डावरचा असतो, कामाचा नसतो. फोटो हातात पडला की तोच माणूस पुढच्या खेपेला सांगेल, सकाळी नऊला ये, वरच्या झरोक्यातून ऊन मागावर पडतं. हे तुला कुठलाही फोटोग्राफर सांगू शकणार नाही. मालकाची परवानगी मात्र पहिल्याच दिवशी घे, आणि शेजारी विड्या वळणाऱ्या बायकांचे फोटो काढायचे झाले तर आधी त्यांच्याजवळ बस, बोल, मग विचार.

आता घाई करू नकोस. लग्नतिथी नसतील असा आठवडा बघ, तेव्हा स्टुडिओवाल्यांचे कॅमेरे रिकामे असतात आणि दोन दिवसांसाठी भाड्याने मिळतात. ३५ एमएम लावलेला निकॉन आण. एक रात्र वडिलांच्या पाळीला जा. शटर १/१००, एफ २, आयएसओ आपोआप, आणि शंभर फोटो काढ. मग त्यावर १८-५५ लाव आणि त्याच जागेवरून तेच शंभर पुन्हा काढ. दोन्ही घेऊन रविवारी माझ्या दुकानात ये, कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी लावून बघू.